लाजेवर चालणारा व्यापार

अंगावर एखादी पुळी उठणे ही तशी क्षुल्लक घटना. ती हातावर किंवा मानेवर उठली तर माणूस ती घरात दाखवितो, शेजाऱ्याला विचारतो, दोन दिवस वाट पाहतो आणि विसरून जातो. तीच पुळी जांघेत किंवा जननेंद्रियावर उठली की तिचा अर्थ पालटतो. ती कोणाला दाखविता येत नाही, तिच्याविषयी बोलता येत नाही आणि दवाखान्याची पायरी चढवत नाही. मग रात्री सारे झोपल्यावर मोबाईलच्या उजेडात शोध सुरू होतो. त्या शोधात ‘हर्पिस’ हा शब्द भेटतो, त्याच्यापुढे ‘कायमचा बरा होत नाही’ हे वाक्य भेटते, आणि पुढचे कित्येक दिवस झोप उडते. अखेरीस अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या एखाद्या प्रयोगशाळेत गुपचूप रक्त देऊन येण्याचा बेत ठरतो.

ही अवस्था केवळ बेजबाबदार वर्तन करणाऱ्यांच्या वाट्याला येते, असा एक सोयीस्कर समज आपण बाळगून आहो. वस्तुतः वसतिगृहातला विद्यार्थी, लग्न ठरलेला कारकून, संसारी शिक्षिका, यांपैकी कोणीही तिच्यातून जात असतो. तिच्याविषयी उघड लिहिण्याचा प्रघात मात्र नाही. प्रस्तुत लेखक वैद्यकाचा अभ्यासक नाही, अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. तथापि या प्रश्नात रोगाइतकाच पैशाचा, माहितीचा आणि बाजाराचा भाग आहे, आणि तो भाग तपासण्याचा अधिकार अर्थशास्त्राला निश्चितच पोहोचतो. आपण ज्याला लज्जा म्हणतो तिची किंमत कोणीतरी मोजत असतो आणि ती कोणाच्या तरी खिशात जात असते, हेच येथे मांडावयाचे आहे.

पुळी म्हणजे हर्पिस नव्हे

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जांघेत किंवा गुप्तांगावर उठणाऱ्या बहुसंख्य पुळ्यांचा लैंगिक संसर्गाशी काही संबंध नसतो. केस काढल्यानंतर केसांच्या मुळाशी होणारा दाह, उन्हाळ्यातील घामोळे, घट्ट कपड्यांच्या घर्षणाने उठलेले पुरळ, गजकर्ण, ही नित्याची कारणे आहेत. खरूज रात्री अधिक खाजते, बोटांच्या बेचक्यांत दिसते आणि गुप्तांगावरही उठते; ती एका खोलीत झोपणाऱ्या साऱ्यांना होऊ शकते. काही बारीक पांढुरक्या पुळ्या तर केवळ तैलग्रंथी असतात. त्या निरोगी शरीराचाच भाग होत; त्यांना औषधाची गरज नसते.

हर्पिसचे रूप याहून वेगळे असते. लालसर त्वचेवर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका उठतो. तेथे जळजळ आणि वेदना असते. फोड फुटून व्रण होतात, खपली धरते आणि दोन-तीन आठवड्यांत ती जागा बरी होते. विषाणू मात्र मज्जातंतूंच्या मुळाशी सुप्त राहतो आणि काहींना पुन्हा पुन्हा असा उठाव होतो. बहुधा पहिला उठाव सर्वांत तीव्र असतो. पुढचे क्रमाने सौम्य आणि विरळ होत जातात. ‘असायक्लोव्हिर’ हे त्यावरचे औषध अनेक वर्षांपासून वापरात आहे. ते विषाणू नाहीसा करीत नाही. उठावाचा काळ आणि त्रास मात्र कमी करते.

या विषाणूचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार बहुधा बालपणी घरातील मायेच्या माणसांकडून, मुक्यातून, लागतो आणि तापात ओठाच्या कडेला फोडांच्या रूपाने दिसतो. तोच प्रकार पुढे गुप्तांगावरही आजार निर्माण करू शकतो. दुसरा प्रकार मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालासाठीच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतील जगातील सुमारे ३८० कोटी लोकांत, म्हणजे शंभरात ६४ जणांत, पहिला प्रकार आहे. आणि १५ ते ४९ या वयोगटातील सुमारे ५२ कोटी लोकांत दुसरा. यांपैकी बहुसंख्यांना एकतर काहीच त्रास नसतो किंवा तो लक्षात येत नाही. जी गोष्ट एवढ्या लोकांपाशी आहे तिला पापाचा शिक्का म्हणणे ही वस्तुस्थितीची विटंबना होय.

नागिणीचा गोंधळ

आपल्या वऱ्हाडात या भीतीला आणखी एक फाटा फुटतो, तो भाषेचा. कमरेवर किंवा छातीच्या एका बाजूला पट्ट्यासारखे फोड उठतात त्या आजाराला आपण नागीण म्हणतो. नागिणीचे तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळाले की माणूस दगावतो, ही समजूत खेड्यापाड्यांत आजही ऐकू येते आणि मंत्र टाकणाऱ्याकडे प्रथम धाव घेतली जाते. वास्तविक नागीण म्हणजे बालपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू, जो शरीरात सुप्त राहून उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती मंदावल्यावर पुन्हा जागा होतो. तो सामान्यतः शरीराच्या एकाच बाजूला उठतो. तोंड-शेपटीच्या भेटीचा आणि मृत्यूचा काही संबंध नाही. पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू झाले तर लाभ अधिक होतो, आणि नेमके तेच दिवस मंत्रतंत्रात जातात.

परंतु नागिणीचे वैद्यकीय नाव ‘हर्पिस झोस्टर’ असे आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हा शब्द वाचून शिकलेला मुलगा मोबाईल उघडतो, आणि साठीच्या वडिलांना लैंगिक रोग झाल्याचा निष्कर्ष काढून मोकळा होतो. दोन्ही विषाणू एका कुळातले आहेत एवढेच. आजार भिन्न आहेत आणि नागीण लैंगिक संबंधातून होत नाही. एका परकी शब्दामुळे घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या चारित्र्यावर शंका यावी, यावरून आरोग्यविषयक माहिती मातृभाषेत नीट न पोहोचल्याचे परिणाम ध्यानात येतील.

चाचणीचे अंकगणित

आता रक्ततपासणीकडे वळू. भयभीत माणसाची अशी श्रद्धा असते की, रक्त दिले की सत्य कळेल. हर्पिसच्या बाबतीत ही श्रद्धा फारशी टिकत नाही. अंगावर ताजा व्रण असताना त्यातील द्राव घेऊन केलेली तपासणी हीच उपयुक्त. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी केवळ एवढेच सांगते की, आयुष्यात केव्हातरी या विषाणूशी गाठ पडली असावी. ती केव्हा पडली, शरीराच्या कोणत्या भागी पडली आणि कोणाकडून पडली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी नाही. शिवाय संसर्गानंतर प्रतिपिंडे तयार होण्यास कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे आठवड्याभरात घाईने केलेल्या तपासणीतून खोटा दिलासाही मिळू शकतो.

खोट्या भीतीचा हिशेब याहून बोलका आहे. समजा, हजार निरोगी दिसणाऱ्या माणसांची तपासणी केली आणि त्यांपैकी शंभरांत खरोखर विषाणू आहे. चाचणी त्यांतल्या ९९ जणांना अचूक पकडते. परंतु उरलेल्या नऊशेंपैकी शेकडा २० जणांना ती चुकून ‘आहे’ असे सांगते, असेही समजू. म्हणजे १८० निर्दोष माणसे यादीत आली. एकूण २७९ ‘सकारात्मक’ अहवालांपैकी खरे ९९, म्हणजे सुमारे एकतृतीयांश. बाकी दोनतृतीयांश लोक नसलेल्या रोगाचे ओझे घेऊन घरी जातात. हे आकडे उदाहरणादाखल आहेत; पण याच स्वरूपाच्या हिशेबावरून अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलाने लक्षणे नसलेल्यांची हर्पिससाठी सरसकट रक्ततपासणी करू नये असा सल्ला २०१६ साली दिला आणि २०२३ साली तो कायम ठेवला. ‘आयजीएम’ नावाची चाचणी तर यासाठी विश्वासार्ह मानली जात नाही. आपल्याकडील प्रयोगशाळांच्या ‘पॅकेजां’त मात्र ती सर्रास आढळते.

याचा सर्वांत क्रूर आघात स्त्रियांवर होतो. गर्भपात झालेल्या स्त्रीला ‘टॉर्च’ नावाची चाचण्यांची जुडी करावयास सांगण्याची प्रथा आपल्याकडे खोलवर रुजली आहे. त्यातील शेवटचे अक्षर हर्पिसचे. अहवालावर एका आकड्यापुढे बाण उमटतो आणि सासरच्या मंडळींना अपेशाचे कारण सापडते. नेहमीच्या गर्भपाताचे निदान म्हणून या जुडीचा उपयोग फार थोडा आहे, हे जाणते तज्ज्ञ पुनःपुन्हा सांगत आले आहेत. हर्पिसचा खरा धोका असतो तो बाळंतपणाच्या सुमारास आईला प्रथमच संसर्ग झाला तर, नवजात बाळाला. आणि त्यासाठी पाहावे लागतात ते व्रण. निरर्थक कागदावरून सुनेला गुन्हेगार ठरविणारा समाज त्या खऱ्या धोक्याकडे मात्र दुर्लक्ष करतो.

अज्ञानाचा बाजार

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवून दिले की, वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा नसतो. कापूस विकणारा आणि घेणारा दोघेही कापसाचा धागा पारखू शकतात. रुग्णाला मात्र आपण काय विकत घेतो आहोत हे घेण्यापूर्वी कळत नाही, आणि पुष्कळदा घेतल्यानंतरही कळत नाही. गुप्तरोगाच्या बाबतीत हे अज्ञान दुप्पट होते. कारण येथे गिऱ्हाईक भाव करीत नाही, दुसरे मत घेत नाही, फसल्यावर तक्रारही करीत नाही. व्यापाऱ्याला याहून आदर्श गिऱ्हाईक कोणते हवे?

एसटी स्थानकांच्या मुताऱ्या, रेल्वेमार्गालगतच्या भिंती आणि आठवडी बाजारातील तंबू यांवरील ‘शर्तिया इलाज’ या गिऱ्हाइकाच्याच शोधात असतात. वास्तविक औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा १९५४ सालचा आहे. गुप्तरोग बरे करण्याच्या जाहिराती त्याने निषिद्ध ठरविल्या आहेत आणि त्यासाठी कारावासाची तरतूदही आहे. भिंतींवरील चुना मात्र त्या कायद्याच्या वयाचा झाला तरी पुसला जात नाही. आता त्या भिंतींना मोबाईलच्या पडद्याची जोड मिळाली आहे.

दुसरा दुकानदार अधिक प्रतिष्ठित आहे. औषधांच्या दुकानात जाऊन ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटले की स्टेरॉईड मिसळलेले मलम हातात पडते. दोन दिवस खाज थांबते आणि गजकर्ण आतल्या आत पसरते. पुढे ते औषधांना दाद देईनासे होते. केंद्र सरकारने २०१८ साली १४ स्टेरॉईड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरविले. ही अधिसूचना गावोगावच्या दुकानांपर्यंत कितपत पोहोचली आहे, हे वाचकांनी स्वतःच्या अनुभवावरून ठरवावे.

या साऱ्या गोंधळात खरा तोटा होतो तो निराळ्याच ठिकाणी. हर्पिसच्या भयाने ग्रासलेला माणूस त्याहून घातक पण पूर्णपणे बऱ्या होणाऱ्या रोगाकडे पाठ फिरवितो. गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा, पहिला व्रण बहुधा दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप मिटतो. वैदूच्या पुडीला यश आल्यासारखे वाटते. रोग मात्र शरीरात पुढे सरकत राहतो आणि गर्भातील बाळाचा जीव घेऊ शकतो. वेळेवर निदान झाले तर पेनिसिलिनचे एक इंजेक्शन पुरते. कोणताही लैंगिक व्रण एचआयव्हीच्या संसर्गाला वाट मोकळी करून देतो, हाही विचार आहेच. न दुखणाऱ्या व्रणाला धोका नाही, हा समज म्हणूनच सर्वांत महाग पडतो.

मोफत, तरी महाग

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाने लैंगिक आजारांचे दवाखाने सुरू झाले. लक्षणांनुसार औषधांची रंगीत पाकिटे ठरविण्यात आली. त्यांत हर्पिसच्या औषधाचे पाकीट लाल रंगाचे. १०९७ हा विनामूल्य दूरध्वनी आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार विनामूल्य झाले. एचआयव्ही-एड्सविषयीचा २०१७ सालचा कायदा तर संमतीवाचून चाचणी करण्यास आणि अहवाल उघड करण्यास मनाई करतो.

तरीही हिवरखेडच्या तरुणाच्या दृष्टीने ही मोफत सेवा महाग आहे. तेल्हारा, अकोट किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयापर्यंतचे भाडे आणि बुडालेला रोज हा तिचा दिसणारा खर्च. न दिसणारा खर्च त्याहून मोठा. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत गावचा कोणी भेटेल. कागद करून देणारा ‘काय होते?’ म्हणून मोठ्याने विचारील; ज्या दारावर फलक आहे त्या दारातून आत जाताना कोणी पाहील. स्त्रीला तर सोबतीवाचून जाता येत नाही आणि सोबत घेतली की कारण सांगावे लागते. अर्थशास्त्रात ज्याला वस्तूची पूर्ण किंमत म्हणतात ती अशी मोजावी लागते. सरकारने औषधाची किंमत शून्यावर आणली. लाजेची किंमत कमी करण्याचा विचार कोणी केला नाही. परिणामी मोफत दवाखान्यापेक्षा पैसे घेणारा भोंदू गिऱ्हाइकाला स्वस्त वाटतो, कारण तो काही विचारीत नाही.

उघडपणाने काय साधते याचे उदाहरण फार दूर नाही. २०२४ संपताना आणि २०२५ च्या आरंभी आपल्या शेजारच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस एकाएकी गळू लागले. कारणांविषयी पुढे वाद झाले. पण लोक बोलले, वृत्तपत्रांनी छापले, पाण्याचे आणि रक्ताचे नमुने घेतले गेले आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथकही आले. केस डोक्यावर असतात म्हणून हे घडले. झाकलेल्या जागेच्या दुखण्यासाठी कोणी पथक मागत नाही आणि म्हणून कोणी येत नाही.

दोन जुने धडे

हे मौन मोडण्याचा प्रयत्न मराठीत फार पूर्वी झाला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरला आणि दंड झाला. पण वाचकाने प्रश्न विचारणे आणि त्याला शास्त्रीय उत्तर मिळणे हा गुन्हा ठरतो काय, हा त्या खटल्यातील मुद्दा आजही निकाली निघालेला नाही. आजचा विद्यार्थी तेच प्रश्न यंत्राला विचारतो. कारण माणसाला विचारण्याची सोय आपण ठेवलेली नाही.

दुसरा धडा आपल्या वऱ्हाडातला. त्वचेवरील चट्ट्याने माणूस घरातून, गावातून आणि पुष्कळदा मनातूनही उठविला जात असे, त्या काळी डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीजवळ तपोवन उभे केले. कुष्ठरोग्याला भिक्षा देण्याऐवजी त्यांनी त्याला काम आणि मान दिला. पुढे बहुविध औषधोपचार आला आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून वगळले जाण्यास २०१९ साल उजाडावे लागले. औषध निघाल्यानंतरही कलंक कित्येक दशके जगतो, हा त्याचा अर्थ. बधिर चट्टा लपविल्यामुळे हातापायांची बोटे गेली ती रोगाइतकीच लपविण्याने गेली. गुप्तांगावरील पुळीच्या बाबतीत आपण तीच चूक अधिक शिकलेल्या पिढीकडून करवून घेत आहोत.

काय करता येईल

उपाय खर्चिक नाहीत. ग्रामीण रुग्णालयांत या रुग्णांसाठी वेगळा फलक लावण्याऐवजी ‘त्वचा विभाग’ हाच फलक पुरे. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी एक बंद दाराची खोली, आणि स्त्रियांसाठी स्त्री-कर्मचारी, एवढे पुष्कळ झाले. कागद करताना तक्रार मोठ्याने विचारू नये, असा साधा दंडक असावा. १९५४ च्या कायद्याची अंमलबजावणी नगरपालिका आणि एसटी महामंडळ यांनी आपापल्या भिंतींपासून सुरू करावी. निरोगी माणसाला हर्पिसच्या रक्तचाचणीसह पॅकेज विकणाऱ्या प्रयोगशाळांना, त्या चाचणीची मर्यादा अहवालावरच मराठीत छापण्याची सक्ती व्हावी. कनिष्ठ महाविद्यालयांत वर्षातून एकदा डॉक्टरांना बोलावून मुलामुलींच्या चिठ्ठ्यांतील प्रश्नांना उत्तरे द्यावीत. चिठ्ठीवर नाव नसले की प्रश्न खरे येतात.

आणि ज्या वाचकाच्या मनात आज हीच धास्ती आहे त्याच्यासाठी थोडेसे. पुळी दाबू नये, फोडू नये, तिच्यावर ट्यूब चोळू नये. ती ताजी असतानाच पदवीधर डॉक्टरांना, शक्यतो त्वचारोगतज्ज्ञांना, दाखवावी. अनुभवी डोळ्यांनी पाहणे हीच या आजारातील पहिली आणि बहुधा पुरेशी तपासणी असते. संबंध आला असल्यास तो सांगावा. सिफिलिस आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी. हर्पिस निघालाच तर जोडीदाराला सांगावे, फोड असताना संबंध टाळावा, आणि एरवी निरोध वापरावा. त्याने धोका घटतो, सर्वस्वी जात नाही. त्यानंतरही लग्न होते, मुले होतात, नोकरी चालते.

शेतकऱ्याच्या अज्ञानावर जगणाऱ्या अडत्यांविरुद्ध वऱ्हाडाने आवाज उठविला आहे. शिकलेल्यांच्या लाजेवर जगणारा हा दुसरा अडत्या मात्र निर्वेध व्यापार करतो आहे. त्याचे भांडवल आपण पुरवितो. ते काढून घेणे आपल्याच हाती आहे.